अपडेट बंद करू नका, त्याची वेळ तुम्ही ठरवा

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात चौतीस वर्षे दिवाणजी आहे. सुरुवातीला कीर्द-खतावणी हाताने लिहिली आणि गेली अठरा वर्षे तेच काम संगणकावर करतो, त्यामुळे मला संगणकाची भीती वाटते असे कृपया समजू नये. गेल्या महिन्यात ऐन सौद्याच्या दिवशी पोत्यांची वजने होऊन गेली होती, कर्नाटकातून आलेले दोन शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीसाठी, समोर उभे होते आणि पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ एवढेच वाक्य होते. ते पन्नास मिनिटे हलले नाही. मालकांच्या चिरंजीवांनी आणलेले नवे सॉफ्टवेअर दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावते. तो मी खतावणीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो म्हणून ते माझ्यावर रागावले. बँकेचे काम एका ब्राउझरमध्ये, कराचे दुसऱ्यात आणि दुकानाचे तिसऱ्यात करावे लागते. काही अडले की संगणकवाला मुलगा फोनवर ‘कॅशे क्लिअर करा’ असे सांगतो. मागच्या वेळी तसे केले आणि साठवलेले सगळे पासवर्ड गेले. जुन्या यादीतील शेतकऱ्यांची नावे नव्या सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडत नाहीत. दुकान बंद करताना आम्ही मेन स्विच पाडतो, म्हणजे रात्री तरी संगणक सुरक्षित असतो. आता तोच मुलगा म्हणतो की अपडेट कायमचे बंद करून देतो. करू द्यावे का? आणि हे सगळे माझे वय झाल्यामुळे होत आहे का, तेही खरे सांगावे. — एक दिवाणजी, सांगली

उत्तर :

आदरणीय दिवाणजी, सप्रेम नमस्कार.

वयाचे आधी सांगतो, कारण पत्राच्या शेवटी लिहिलेला तो प्रश्नच तुम्हाला सर्वांत जास्त बोचत असावा. हे वयामुळे होत नाही. चौतीस वर्षांत तुमच्या दुकानातला तराजू बदलला असेल, पण नव्या तराजूवर वजन कुठे वाचायचे हे दर महिन्याला कोणी बदलले नसेल. संगणकाच्या बाबतीत नेमके तेच घडते. विंडोजचे ‘स्टार्ट’ बटण १९९५ पासून बहुतेक काळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात होते आणि २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा ते मुकाट्याने मध्यभागी जाऊन बसले. तिथे नेल्याने कोणाचे कोणते काम सोपे झाले, हे मला आजवर समजलेले नाही. हाताला सवय झालेली वस्तू हलवली की विशीतला मुलगाही चाचपडतो. फरक इतकाच की तो संगणकाला नावे ठेवतो आणि आपण स्वतःला.

आता मुख्य प्रश्न. अपडेट कायमचे बंद करू देऊ नका. तुमचा राग योग्य आहे, पण हा उपाय चुकीचा आहे, आणि हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतो आहे. सातारा जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी अनेक वर्षे काम केले. २०१६ च्या गळीत हंगामात वजनकाट्यावरचा संगणक भल्या पहाटे स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. मागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली आणि गाडीवानांनी मला जे ऐकवले ते इथे छापता येणार नाही. मी त्याच दिवशी काट्यावरच्या आणि हिशेब विभागातल्या संगणकांचे अपडेट बंद करून टाकले. हंगाम संपल्यावर ते पुन्हा सुरू करायचे असे ठरवले होते. हंगाम संपला, बॉयलर थंड झाले आणि मी विसरलो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक मोठे भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. त्याच भगदाडातून १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांनाही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दोन दिवस सुट्टीचे गेले. सोमवारी सकाळी हिशेब विभागाचे कुलूप उघडले, तर दोन संगणकांवर लाल चौकट होती आणि तीत तीनशे डॉलरची मागणी होती. अपडेट येऊन दोन महिने झाले होते आणि आमचे दार मीच उघडे ठेवले होते. तोडणी-वाहतूकदारांचे हिशेब कागदी पावत्यांवरून पुन्हा भरायला आम्हाला अठरा दिवस लागले. दुकानाचा संगणक छोटा आहे, त्याच्याकडे कोण बघणार, असे तुम्हाला वाटेल. परंतु असे प्रोग्राम पत्ता पाहून येत नाहीत, ते रस्त्याने जाताना प्रत्येक दाराची कडी हलवून बघतात.

मग अपडेट सौद्याच्या वेळीच का आले? त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे आणि तुमच्या लक्षात आलेले नाही. तुम्ही दुकान बंद करताना मेन स्विच पाडता. विजेच्या दृष्टीने ही सवय चांगली आहे, पण अपडेटच्या दृष्टीने तिचा परिणाम उलटा होतो. संगणक अपडेट आधी गुपचूप उतरवून घेतो आणि ते बसवण्यासाठी कोणी काम करत नसल्याची वेळ शोधत राहतो. तुमचा संगणक मात्र जेव्हा चालू असतो तेव्हा त्यावर काम चालू असते आणि काम थांबले की त्याची वीजच जाते. त्याला निवांत वेळ कधी मिळतच नाही. काही दिवस वाट पाहिल्यावर त्याची मुदत संपते आणि मग तो पट्टी, शेतकरी, सौदा असे काहीही पाहत नाही. त्यातही भर म्हणजे अपडेट अर्धवट असताना स्विच पडला, तर सकाळी तो आदल्या दिवशीचे निस्तरत बसतो. तुमच्या पन्नास मिनिटांमागे तसेच काही झाले असण्याची दाट शक्यता आहे.

त्यामुळे उपाय वेळेचा आहे. विंडोजची मासिक सुरक्षा अपडेट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत ती सकाळी निघतात, तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आपल्या दृष्टीने दिवस बुधवारचा. दिनदर्शिकेत ९ ते १५ तारखांच्या दरम्यान जो बुधवार येईल त्याच्यावर लाल पेनाने खूण करा, जशी तुम्ही कर भरण्याच्या तारखांवर करत असाल. त्या बुधवारी शेवटची पट्टी झाली की संगणक बंद करण्याच्या यादीत ‘अपडेट करा आणि बंद करा’ असा पर्याय दिसतो का ते पाहा. दिसला तर तो निवडा आणि संगणक स्वतः विझेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. चहा घ्या, गल्ला मोजा. पर्याय दिसला नाही, तर गुरुवारी पुन्हा पाहा. याशिवाय सेटिंग्जमध्ये ‘सक्रिय तास’ नावाची सोय आहे, तिच्यात दिवसाचे अठरा तासांपर्यंत सांगता येतात आणि तेवढ्या वेळेत संगणक आपणहून पुन्हा सुरू होत नाही. हळदीची आवक जोरात असेल त्या दिवसांत अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलण्याचीही सोय आहे. ती जरूर वापरा, कारण पाच आठवड्यांनी ती स्वतःच संपते आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसाचे दार उघडे राहत नाही. संगणकवाल्या मुलाला ‘बंद कर’ असे न म्हणता ‘पुढे ढकलायचे कसे ते मला दाखव’ असे म्हणा आणि बटण त्याला दाबू न देता स्वतः दाबा.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. तुमच्या दुकानात विंडोज १० आहे की ११? दहाची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. दहा असेल आणि यंत्र फार जुने असेल, तर ते अकरा स्वीकारणार नाही आणि मालकांना नव्या संगणकाचा खर्च सांगावा लागेल. तो खर्च सांगण्याचे काम तुमचे नाही, चिरंजीवांचे आहे.

आता पासवर्डचे. इथे तुम्ही बरोबर आहात आणि चिरंजीवांचे सॉफ्टवेअर वीस वर्षे मागे आहे. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलावा, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असावे, या नियमांचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेमुळे झाला. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वृत्तपत्राला मुलाखत देताना आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असे मोकळेपणाने सांगितले. त्याच वर्षी निस्टने आपली मार्गदर्शिका बदलली आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, उगाच मुदत घालू नये, असे म्हटले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून पासवर्डची मुदत काढून टाकली. कारण साधे आहे. दर महिन्याला नवा पासवर्ड मागितला की माणूस जुन्याच पासवर्डच्या शेपटीचा आकडा वाढवतो. ‘हळद’ हा शब्द, पुढे एक चिन्ह आणि पुढे महिन्याचा आकडा असा तुमचाही पासवर्ड असेल तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही, आणि चोरालाही वाटणार नाही. एका महिन्याचा पासवर्ड त्याच्या हाती लागला की वर्षभराचे बाराही त्याने स्वतःच ओळखले.

दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत बहुधा एका सेटिंगवर असते आणि ते सेटिंग मालकाच्या खात्यातून बदलता येते. चिरंजीवांना असे सुचवा की तीस दिवसांची मुदत काढावी, त्याऐवजी पासवर्ड निदान पंधरा अक्षरांचा ठेवावा आणि मोबाइलवर ओटीपी येण्याची सोय सुरू करावी. पंधरा अक्षरे ऐकून घाबरू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले की तेवढी अक्षरे सहज होतात आणि लक्षातही राहतात. घरातल्यांची नावे, दुकानाचे नाव आणि ‘गणपती’ हे शब्द तेवढे टाळा. सांगलीत ‘गणपती’ हा शब्द ओळखायला कोणाला फार डोके लागणार नाही. बँकेच्या संकेतस्थळाचे नियम बँकेचे असतात, तिथे हा वाद घालून उपयोग नाही, जेव्हा बदलायला सांगतील तेव्हा बदला.

खतावणीवर लिहिण्याबद्दल चिरंजीव निम्मे बरोबर आहेत. कागदावर पासवर्ड लिहिणे हा गुन्हा नाही. परदेशात बसलेला चोर तुमच्या दुकानातली तिजोरी उघडू शकत नाही, त्या दृष्टीने तिजोरीतली वही ही अतिशय सुरक्षित जागा आहे. पण खतावणी दिवसभर गादीवर उघडी असते, हमालापासून खरेदीदारापर्यंत दहा जण तिच्यावर वाकून बोलतात. एक वेगळी छोटी डायरी करा आणि ती दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत कुलपात ठेवा.

ब्राउझरची कटकट पूर्णपणे संपणार नाही, कमी होईल. अमुक एकच ब्राउझर हवा असे सांगण्याची संकेतस्थळांची खोड जुनी आहे. एके काळी बहुतेक कार्यालये ‘इंटरनेट एक्सप्लोरर’साठीच संकेतस्थळे बांधत होती. त्याचा डेस्कटॉपवरचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला, तेव्हा त्यावर विसंबलेल्यांची पंचाईत झाली. आता ‘एक्सप्लोरर’च्या जागी ‘क्रोम’ आले आहे, खोड तीच आहे. तुमच्या कामाची गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टच्या ‘एज’ ब्राउझरने २०२० पासून क्रोमचेच इंजिन बसवले आहे, त्यामुळे जे क्रोममध्ये चालते ते एजमध्येही बहुतेक वेळा चालते. तीन ब्राउझर ठेवण्यापेक्षा एकाच ब्राउझरमध्ये दोन ‘प्रोफाइल’ करून घ्या, एक दुकानाचे आणि दुसरे बँक-कराचे. प्रत्येकाचे वेगळे चिन्ह डेस्कटॉपवर ठेवून त्याला मराठीत नाव द्या. डिजिटल सहीचे टोकन चालत नसेल तर ब्राउझर बदलण्याआधी त्या टोकनसोबत आलेला मदतनीस प्रोग्राम चालू आहे का ते पाहा. रात्री संगणक बंद होऊन सकाळी सुरू झाला की कित्येकदा तो चालू व्हायचा राहतो आणि दोष ब्राउझरच्या माथी येतो.

‘कॅशे क्लिअर करा’ हे आजकालच्या संगणकवाल्यांचे हळदीचे दूध झाले आहे. सर्दी असो की पाय मुरगळलेला असो, घ्या. कॅशे म्हणजे पान लवकर उघडावे म्हणून ब्राउझरने स्वतःजवळ ठेवलेल्या चित्रांच्या आणि इतर तुकड्यांच्या प्रती. त्या पुसल्याने काही बिघडत नाही. पण ज्या खिडकीतून त्या पुसतात तिथेच कुकीज आणि साठवलेले पासवर्ड यांचेही चौकोन असतात, आणि फोनवर घाईने ‘सगळे टिक करा’ म्हटले की सगळेच जाते. इथून पुढे असे करा : आधी कंट्रोल आणि एफ-५ या कळा एकत्र दाबा. त्याने ते पान नव्याने मागवले जाते. तेवढ्याने भागले नाही तर गुप्त खिडकी, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, उघडून तेच पान तिथे चालते का पाहा. तिथेही चालत नसेल तर बहुधा दोष पलीकडच्या संकेतस्थळाचा आहे आणि तुम्ही काहीही पुसण्याची गरज नाही. पुसायचेच ठरले तर ‘कॅश केलेली चित्रे आणि फाइल’ एवढाच चौकोन ठेवा, बाकीच्या खुणा काढून टाका.

शेतकऱ्यांच्या नावांचा प्रश्न खरे तर सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर संगणकवाल्या मुलाने दोन दिवस बसायला हवे. तुमची जुनी यादी बहुधा जुन्या फाँटमध्ये आहे. त्या काळी मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसवलेले मराठी चित्र असे. छापल्यावर नाव मराठीत दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचेच कडबोळे होते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीत, प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे जुनी यादी रूपांतरित करूनच नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली पाहिजे. पण रूपांतर झाले की काम संपले असेही नाही. तुम्ही एक प्रयोग करा. कऱ्हाडच्या एखाद्या शेतकऱ्याचे नाव गावासकट शोधा. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. शोधयंत्राला मात्र ती दोन वेगळी गावे वाटू शकतात. काही रूपांतर करणारे प्रोग्राम तर त्या अर्ध्या र चा सरळ रफार करतात आणि ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द ‘शेतकर्याचे’ असा होऊन बसतो. मराठीची ही गाठ माहीत नसलेल्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमीचे आहे, आणि नाव सापडले नाही की माणूस नवे खाते उघडतो, मग एकाच शेतकऱ्याची दोन खाती आणि दोन बाक्या. तुमच्याकडे अशी किती खाती झाली आहेत ते नावांऐवजी मोबाइल क्रमांकाने क्रम लावून पाहा. एकच क्रमांक दोनदा दिसला की समजा. ती खाती कोणती एक करायची हे ठरवणे तुमच्याच अनुभवाचे काम आहे, मुलाने फक्त यंत्र चालवावे.

हे सगळे सुरू करण्याआधी पूर्ण हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर मी एका ओळखीच्यांना मदत करायला सांगलीत आलो होतो. गच्चीवर चादर पसरून त्यांनी संगणकाची डिस्क आणि बॅकअपची डिस्क शेजारी शेजारी वाळत घातल्या होत्या. दोन्हींतून चिखलाचा सारखाच वास येत होता, कारण दोन्ही टेबलाच्या एकाच खणात होत्या. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, हळद साठवण्याचे शास्त्र ज्या भागाने हरिपुरात पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याला साठवणुकीबद्दल मी काय सांगावे? फक्त प्रत घरी, वरच्या मजल्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा ती उघडते का ते पाहा. त्यासाठी तोच अपडेटचा बुधवार धरा, म्हणजे प्रत आधी आणि अपडेट नंतर, असा क्रम आपोआप लागेल.

एवढे करूनही एखाद्या सकाळी संगणक अडून बसेल, तशी तयारी ठेवा. छापील पट्ट्यांचे कोरे पुस्तक, दोन कार्बन पेपर आणि आदल्या संध्याकाळी छापलेली शेतकऱ्यांच्या बाकीची यादी गादीच्या खणात असू द्या. कर्नाटकातून आलेला माणूस रात्री गाडी करून आलेला असतो. त्याला हातची पट्टी आणि पैसे देऊन वाटेला लावा, संगणकात ती पट्टी दुपारी चढवता येते.